ओढ्याकाठचा रानफ्लॉक्स: पाने व फुले यांवरून ओळख (प्रकल्प नोंदी)

१५ मार्च २०२५

ओहायोतील कोलंबस शहराच्या उत्तरेस, डेलावेअर काउंटीत, ओलेंटँजी नदीला मिळणाऱ्या एका लहान ओढ्याच्या दोन्ही काठांवर मेपल, बीच आणि सिकॅमोर यांची जुनी झाडी अजून शिल्लक आहे. या झाडीत शिरलेली परदेशी तणे उपटण्याचे काम आमचा स्वयंसेवकांचा गट दर वसंतात करतो. गटात आता मराठी कुटुंबेही बरीच आहेत, त्यामुळे या हंगामाच्या ओळखीच्या नोंदी मराठीत ठेवण्याचे ठरले आहे.

मेच्या मध्यावर या उतारावर दोन वनस्पती एकाच वेळी जांभळ्या फुलांनी भरतात, आणि आमची अडचण तिथेच आहे. एक आहे इथला मूळचा रानफ्लॉक्स, म्हणजे फ्लॉक्स डायव्हॅरिकाटा. दुसरी आहे डेम्स रॉकेट, म्हणजे हेस्पेरिस मॅट्रोनॅलिस, जी युरोपातून बागेसाठी आणली गेली आणि कुंपणाबाहेर पडून रानात पसरली. पहिली राखायची आहे, दुसरी मुळासकट काढायची आहे. डेम्स रॉकेट बी धरण्याआधी उपटली तरच त्या कष्टाचे चीज होते, आणि एप्रिलमध्ये माती ओली असताना ती फारशी ओढाताण न करता निघते. त्यामुळे फुलांची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. ओळख पानांपासून सुरू झाली पाहिजे आणि फुलांनी ती पक्की केली पाहिजे, असे आम्ही ठरवले आहे.

फ्लॉक्स या प्रजातीत साठाहून अधिक जाती आहेत आणि सायबेरियातली एक वगळता सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या आहेत. डायव्हॅरिकाटा हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ मध्ये दिले. ही जाती पानझडीच्या जंगलातल्या ओलसर, पालापाचोळ्याने समृद्ध मातीत वाढते, आणि वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधीच्या उजेडावर आपला फुलोरा उरकून घेते.

आज पाचोळा हलक्या हाताने बाजूला केल्यावर फ्लॉक्सची हिवाळी पाने दिसली. या जातीला दोन प्रकारच्या फांद्या येतात. फुले न धरणाऱ्या फांद्या जमिनीवर सरपटतात, पेरांपाशी मुळे सोडतात आणि त्यांची पाने बर्फाखालीही हिरवी राहतात. ही पाने लंबगोल, बोथट टोकाची असतात आणि त्यांच्यावर किंचित तांबूस झाक आलेली असते. एका पेरावर समोरासमोर दोन पाने, पुढच्या पेरावर पुन्हा दोन, अशी ती बसतात. डेम्स रॉकेट पहिल्या वर्षी फक्त पानांचा झुबका धरते: सगळी पाने जमिनीलगत एकाच केंद्रातून निघतात आणि दोन पानांमध्ये कांडे असे दिसतच नाही. फ्लॉक्सला असा झुबका येत नाही. मार्चमध्ये एवढा एक फरक पाहिला तरी बरेचसे काम भागते.

२९ मार्च २०२५

ओढ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी वस्ती होती, तिच्या पायाचे दगड अजून दिसतात. तिथे व्हिंका मायनरची हिरवी चटई पसरली आहे. तिलाही समोरासमोर पाने आहेत, तीही सरपटते, हिवाळ्यात हिरवी राहते आणि पुढे निळसर जांभळी, पाच पाकळ्यांची फुले धरते, म्हणून तिची नोंद वेगळी केली. तिची पाने जाड, चकचकीत आणि गडद असतात, त्यांना आखूड पण स्पष्ट देठ असतो आणि बोटाला ती गुळगुळीत लागतात. फ्लॉक्सचे पान मऊ, निस्तेज, बारीक लव असलेले आणि जवळजवळ बिनदेठी असते.

आपल्याकडची सदाफुली याच व्हिंकाची जवळची नातलग आहे, इतकी की तिला पूर्वी व्हिंका रोझिया म्हणत. अंगणात सदाफुली पाहिलेल्या मराठी माणसाला फ्लॉक्सचे फूल पहिल्यांदा पाहताच ओळखीचे का वाटते, ते यावरून कळते: सपाट पसरलेल्या पाच पाकळ्या, खाली बारीक नळी, आत दडलेले परागकोश (परागांच्या पिशव्या) आणि पीळ घातलेली कळी, हे सारे दोन्हींत आहे. तरीही कुळे निराळी आहेत. सदाफुली आणि व्हिंका करवंद-कण्हेरीच्या कुळातल्या, तर फ्लॉक्स पोलेमोनिएसी कुळातला.

१२ एप्रिल २०२५

फुले धरणाऱ्या फांद्या आता वर निघाल्या आहेत. हिवाळी पाने आणि या उभ्या फांद्यांवरची पाने एकाच झाडाची आहेत हे नवख्या माणसाला पटत नाही, म्हणून एका झुडपाची फांदी मुळापर्यंत मोकळी करून सर्वांना दाखवली. खालची पाने लंबगोल आणि जवळजवळ बसलेली, तर वरच्या उभ्या दांड्यावरची पाने भाल्याच्या पात्याच्या आकाराची, टोकदार, साधारण तीन ते पाच सेंटीमीटर लांब आणि दूरदूर बसलेली. उभ्या दांड्यावर पानांच्या बहुधा चारच्या आसपास जोड्या असतात. प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते, त्यामुळे वरून सरळ खाली पाहिले तर पानांची फुली दिसते.

पानाची कडा अखंड असते. हे लक्षण बोटाने तपासण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी, कारण डेम्स रॉकेटच्या पानाचे दाते कधीकधी इतके उथळ असतात की डोळ्याला कडा सरळच वाटते. तेच पान टोकापासून देठाकडे बोटाच्या पेराने चाचपले की दाते लगेच जाणवतात. फ्लॉक्सच्या कडेला फक्त लव लागते.

डेम्स रॉकेटची दुसऱ्या वर्षाची झाडेही दांडा धरू लागली आहेत, आणि आता तिच्यातला मुख्य फरक उघड झाला आहे: दांड्यावर पाने एकाआड एक येतात. एका पेरावर एकच पान. वाढत्या शेंड्यापाशी पाने दाटीने असतात आणि तिथे ती समोरासमोर असल्याचा भास होऊ शकतो, म्हणून पानांची मांडणी दांड्याच्या मधल्या भागात पाहावी असा नियम आजपासून केला आहे. याच पाहणीत लसूणमोहरी, म्हणजे गार्लिक मस्टर्ड, भरपूर आढळली. तिचे पान चुरगळले की लसणाचा वास येतो आणि खालची पाने मूत्रपिंडाच्या आकाराची असतात, त्यामुळे फ्लॉक्सशी तिचा घोटाळा होत नाही.

२० एप्रिल २०२५

आज दहापट मोठे दाखवणारे हातभिंग घेऊन दांड्याची लव पाहिली. दांड्याच्या खालच्या भागावर साधे, बारीक केस आहेत. फुलोऱ्याजवळ, कळ्यांच्या देठांवर आणि निदलपुंजावर, म्हणजे फुलाच्या तळाच्या हिरव्या पेल्यावर, मात्र प्रत्येक केसाच्या टोकाला एक इवलासा गोल थेंब चमकतो. हे ग्रंथियुक्त केस आहेत आणि त्यांच्यामुळे तो भाग बोटाला किंचित चिकट लागतो. एका देठावर चिकटून बसलेला बारीक किडाही आढळला. डेम्स रॉकेटचा दांडा केसाळ असतो, पण असा चिकट नसतो.

निदलपुंजाची घडणही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाच हिरवी, टोकदार निदले असतात आणि दोन निदलांना जोडणारा मधला पडदा पातळ, जवळजवळ पारदर्शक असतो. उजेडासमोर धरले की हिरव्या पट्ट्या आणि काचेसारखे पडदे आळीपाळीने दिसतात. फ्लॉक्सच्या सर्व जातींत ही घडण सापडते, त्यामुळे फूल गळून गेले तरी झाड फ्लॉक्सचे आहे एवढे ती सांगू शकते.

कळ्या रंग धरू लागल्या आहेत आणि प्रत्येक कळीत पाकळ्या एकीवर एक चढून पीळ पडलेला स्पष्ट दिसतो.

२७ एप्रिल २०२५

उतार फुलला आहे. हंगामातला महत्त्वाचा दिवस हाच असल्याने नोंद सविस्तर ठेवत आहे.

फुलोरा दांड्याच्या टोकाला, सैल, वरून जवळजवळ सपाट. फूल दोन ते तीन सेंटीमीटर रुंद. पाच पाकळ्या समोरून सुट्या वाटतात, पण फूल हळूच उपसून घेतले की सगळी दलनळीसकट एकसंध निघून येते, कारण पाकळ्या तळाशी जुळून अरुंद नळी झालेली असते. ही नळी एक ते दीड सेंटीमीटर लांब आणि इतकी बारीक आहे की तिच्या तोंडातून टाचणीचे टोकच जेमतेम आत जाईल. जमिनीवर गळलेले एक फूल घेऊन नळी ब्लेडने उभी चिरली. आत पाच पुंकेसर आहेत, पण ते एका ओळीत नाहीत, तर नळीच्या भिंतीला कमीअधिक उंचीवर चिकटलेले आहेत, आणि एकाचाही परागकोश तोंडाबाहेर येत नाही. अंडाशय तळाशी, त्यावर कुक्षिवृंत, म्हणजे कुक्षीला धरणारा दांडा, अवघा काही मिलिमीटर उंच, आणि टोकाला तीन फाट्यांची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग. म्हणजे स्त्रीकेसर नळीच्या तळाशी राहतो आणि परागकोश त्याच्या बऱ्याच वर.

कुक्षिवृंताची ही लांबी ओळखीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पेनसिल्व्हेनियात फ्लॉक्सचा जन्मभर अभ्यास करणारे एडगर व्हेरी मूळचे खनिजशास्त्रज्ञ होते. १९५५ मध्ये त्यांनी या प्रजातीचा जो सविस्तर आढावा प्रसिद्ध केला, त्याचा आधार आजही घेतला जातो. कुक्षिवृंत आखूड की लांब, हा या प्रजातीतला एक ठळक भेद आहे. डायव्हॅरिकाटा आणि माळरानावरची पायलोसा आखूड कुक्षिवृंताच्या गटात पडतात, तर उन्हाळ्यात फुलणाऱ्या पॅनिक्युलाटा आणि मॅक्युलाटा यांचा कुक्षिवृंत नळीच्या तोंडापर्यंत पोचतो. ढोबळ बाह्यरूपावर विसंबण्यापेक्षा एक गळलेले फूल चिरून पाहणे केव्हाही बरे. झाडावरचे फूल तोडू नये. गळलेली फुले मुबलक असतात.

अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत फ्लॉक्स स्टोलोनिफेरा ही सरपटणारी जाती आढळते आणि रोपवाटिकांतूनही ती विकली जाते, त्यामुळे बागेतून रानात आलेले एखादे झाड तिचे असू शकते. तिच्या फुलात पिवळे परागकोश नळीच्या तोंडाशी स्पष्ट दिसतात आणि सरपटत्या फांद्यांवरची पाने टोकाकडे रुंद, गोलसर होतात. डायव्हॅरिकाटाच्या फुलाचे तोंड समोरून पाहिले तर तिथे फक्त एक गडद छिद्र दिसते. आजच्या पाहणीत प्रत्येक ताटव्यातली काही फुले समोरून पाहिली. कुठेही परागकोश बाहेर आलेले नाहीत.

आता पाकळीच्या टोकाची खाच. या जातीच्या दोन उपजाती मानतात. पूर्वेकडच्या डायव्हॅरिकाटा उपजातीत पाकळीच्या टोकाला खाच असते, तर पश्चिमेकडच्या लॅफमाय उपजातीत टोक अखंड असते. विस्कॉन्सिनचे एकोणिसाव्या शतकातले निसर्ग अभ्यासक इन्क्रीज लॅफम यांचे नाव तिला दिलेले आहे. आमच्या उतारावर बहुतेक ताटव्यांत खाच उथळ पण स्पष्ट आहे. खालच्या वळणावरच्या एका ताटव्यात ती जवळजवळ नाहीच. एकाच झाडावर दोन फुलांच्या खाचांत फरक दिसतो. म्हणून खाचेची नोंद ठेवायची, छायाचित्र घ्यायचे, पण जाती ठरवताना तिच्यावर भार टाकायचा नाही.

रंगाच्या बाबतीत तर याहून अधिक सावध राहावे लागेल. इथे फिकट निळ्यापासून गुलाबीसर जांभळ्यापर्यंत सर्व छटा आहेत आणि एक ताटवा जवळजवळ पांढरा आहे. शिवाय या निळसर जांभळ्या रंगापुढे मोबाइलचा कॅमेरा हमखास फसतो: सावलीतले फूल निळे येते आणि उन्हातले तेच फूल गुलाबी. रंग लिहायचा असेल तर फुलापाशी उभे राहून, डोळ्याने पाहून लिहावा. सुगंध मात्र सर्व ताटव्यांना आहे, सकाळच्या दमट हवेत तो वाटेपर्यंत येतो.

३ मे २०२५

गटातल्या एका काकूंनी विचारले की पुण्यात हिवाळ्यात वाफ्यांमध्ये लावतात तो फ्लॉक्स हाच का. नाते खरे आहे, जाती वेगळी आहे. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरून थंडीभर फुलवला जातो तो फ्लॉक्स ड्रमंडाय, आणि तो मूळचा टेक्ससचा. स्कॉटिश वनस्पती संग्राहक थॉमस ड्रमंड यांनी १८३०च्या दशकात टेक्ससमधून तो पाठवला आणि विल्यम हूकर यांनी १८३५ मध्ये त्यांच्याच नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो एका हंगामात संपतो. ओढ्याकाठचा फ्लॉक्स बहुवर्षायू आहे. पानांतही फरक आहे: ड्रमंडायची खालची पाने समोरासमोर असली तरी वरच्या भागात ती एकाआड एक होतात. पानांच्या मांडणीवर आम्ही एवढा भर देत असताना हा अपवाद सर्वांना माहीत असावा, म्हणून तो इथे नोंदवत आहे. ओहायोच्या जंगलात तो वाढत नाही, तेव्हा प्रत्यक्ष कामात अडचण येणार नाही.

याच टेक्ससच्या फ्लॉक्सवर रॉबिन हॉपकिन्स आणि मार्क राउशर यांनी केलेले काम वाचण्यासारखे आहे. जिथे ड्रमंडाय एकटाच वाढतो तिथे त्याची फुले फिकट निळसर असतात. जिथे तो फ्लॉक्स कस्पिडाटा या दुसऱ्या जातीच्या शेजारी वाढतो तिथे ती गडद लाल झालेली आहेत. गडद लाल रंगामुळे फुलपाखरे दोन जातींमध्ये कमी ये-जा करतात आणि निकस संकर टळतो. ही निरीक्षणे २०११ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. फुलाचा रंग एकाच जातीत जागेनुसार बदलू शकतो याचा इतका स्वच्छ पुरावा हाताशी असताना, केवळ रंगावरून जाती ठरवण्याचा आग्रह कोणी धरू नये असे मला मनापासून वाटते.

आज ओढ्यालगत पोलेमोनियम रेप्टन्सही फुललेला आढळला. फिकट निळी, घंटेच्या आकाराची फुले आणि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे दोन्ही बाजूंनी पर्णिका असलेले संयुक्त पान, त्यामुळे तो फ्लॉक्सपेक्षा अगदी वेगळा दिसतो. पण भिंगाखाली त्याचीही कुक्षी तीन फाट्यांची निघाली. कुळ एकच. कोणत्याही वहीतल्या आकृतीपेक्षा ही दोन फुले शेजारी धरून मुलांना कुळाची कल्पना लवकर समजली.

छायाचित्रांबाबत ठरले ते असे: संपूर्ण झाड, दांड्याच्या मध्यावरची पानांची जोडी, फुलोऱ्याखालची लव, समोरून फूल, आणि बाजूने फूल ज्यात नळी आणि निदलपुंज दोन्ही येतील. आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या संकेतस्थळावर चढवलेल्या बऱ्याच नोंदींत फक्त समोरून घेतलेले फूल असते, आणि तेवढ्यावरून कितीही जाणकार माणूस असला तरी खात्रीने बोलू शकत नाही.

१० मे २०२५

पाऊस. वरच्या उतारावरच्या फ्लॉक्सचे शेंडे हरणांनी खाल्ले आहेत. खाल्लेली टोके फाटलेली, चिंध्या झालेली आहेत. सशाने खाल्ले असते तर तिरका, स्वच्छ काप दिसला असता. फुलोराच गेल्यामुळे ही झाडे फक्त पानांवरून ओळखावी लागली. समोरासमोर, बिनदेठी, अखंड कडेची पाने आणि तळाशी सरपटती फांदी या चार गोष्टी जिथे एकत्र मिळाल्या तिथे झाड राखायचे या खुणेची निळी झेंडी रोवली.

१७ मे २०२५

डेम्स रॉकेट फुलली आणि दोन्ही वनस्पती पहिल्यांदाच शेजारीशेजारी फुलोऱ्यावर मिळाल्या. फ्लॉक्स ओसरणीला लागला आहे, पण अजून पुरेसा आहे.

डेम्स रॉकेटच्या फुलाला चार पाकळ्या, फुलीसारख्या मांडलेल्या. ती मोहरीच्या कुळातली आहे आणि त्या कुळाचे सगळे गुण तिच्यात आहेत: चार सुटी निदले, चार सुट्या पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. वरून नळीसारखा भास होतो, कारण पाकळ्यांचे खालचे अरुंद भाग निदलांनी घट्ट धरलेले असतात. पण एक पाकळी ओढली की एकटीच निघते. फ्लॉक्सची तशी निघत नाही. फुलोऱ्याच्या खालच्या भागात मोहरीसारख्या लांब, बारीक शेंगा धरू लागल्या आहेत, आणि वर अजून कळ्या उमलत असतात. फुलोऱ्यातच अशी शेंग दिसली की पुढे काहीही तपासण्याची गरज उरत नाही. उंचीही लक्षणीय आहे: फ्लॉक्स गुडघ्याच्या खालीच राहतो, तर डेम्स रॉकेट कमरेच्या वर जाते.

पाकळ्या मोजणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे यात शंका नाही आणि लहान मुलांना आम्ही तोच शिकवतो. तरी मोठ्यांनी त्यावर थांबू नये. पावसाने एखादी पाकळी गळते, किडा एखादी खातो, आणि उपटणाऱ्याच्या घाईत चार की पाच हे नीट मोजले जात नाही. हात दांड्याला लागतोच, तेव्हा त्याच हाताला पानांची जोडी लागते की एकटे पान, हे पाहणे अधिक भरवशाचे आहे. आज उपटणीच्या वेळी प्रत्येक जोडीतल्या एकाने दांडा धरायचा आणि दुसऱ्याने मधली पाने पाहून होकार द्यायचा, अशी पद्धत ठेवली. निळ्या झेंड्यांच्या आतले सर्व ताटवे जसेच्या तसे राहिले. उपटलेली झाडे शेंगांसकट पिशव्यांत भरून बाहेर नेली, कारण उपटल्यावरही शेंगांतले बी पक्व होऊ शकते.

एक बाब खेदाने नोंदवावीशी वाटते. दुकानांत रानफुलांचे म्हणून विकल्या जाणाऱ्या बियांच्या मिश्रणांत डेम्स रॉकेट पुष्कळदा असते, आणि आवरणावर जांभळ्या फुलांचे सुंदर चित्र पाहून लोक भल्या हेतूने ती आणतात. काही राज्यांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली आहे. बी विकत घेण्याआधी घटकांची यादी वाचावी आणि हेस्पेरिस हे नाव दिसल्यास ते पाकीट परत ठेवावे, हे प्रत्येक शेजाऱ्याला सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

२४ मे २०२५

शेवटच्या फुलांवर हेमॅरिस प्रजातीचा पतंग दिवसाउजेडी घिरट्या घालत होता. पारदर्शक पंख, हवेत एका जागी तरंगणे आणि लांब सोंड, त्यामुळे फुलावर न बसताच तो नळीच्या तळातला मधुरस घेतो. स्वॅलोटेल फुलपाखरे आणि लांब जिभेचे भुंगेही येतात. आखूड जिभेच्या माश्या पाकळीवर उतरतात आणि रिकाम्या हाताने जातात. नळी इतकी अरुंद आणि परागकोश इतके आत का, हे इथे थोडा वेळ उभे राहिले की समजते: सोंड आत जाताना आणि बाहेर येताना भिंतीवरच्या परागकोशांना घासून जाते.

माळरानावरच्या पायलोसावर तर एक पतंग संपूर्णपणे अवलंबून आहे. शिनिया इंडियाना हे त्याचे नाव. त्याच्या अळ्या फ्लॉक्सवरच वाढतात आणि विस्कॉन्सिनमध्ये तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. पायलोसाची पाने अरुंद, लांब आणि टोकदार, दांडा केसाळ, पाकळीचे टोक खाच नसलेले आणि किंचित निमुळते, आणि जागा उन्हाची, कोरडी. आमच्या सावलीच्या उतारावर तिची अपेक्षा नाही, पण विद्यापीठाच्या हर्बेरियममधील वाळवलेल्या नमुन्यांची छायाचित्रे पाहताना डायव्हॅरिकाटाच्या पानाशी तिची तुलना केली. वाळलेल्या नमुन्यात रंग उडतो, पण पानाची रुंदी आणि लव वर्षानुवर्षे टिकते.

१४ जून २०२५

फुलोरे वाळले आहेत. निदलपुंजाचे पातळ पडदे फाटून त्यातून गोल बोंडे वर आली आहेत. बोंड तीन भागांत उकलते आणि सुकताना बसलेल्या ताणामुळे बिया झटक्याने दूर फेकल्या जातात, त्यामुळे उकललेल्या बोंडात बी सापडत नाही. बी गोळा करायचे ठरल्याने बोंडे गवती रंगाची होऊ लागताच फुलोऱ्यांवर पातळ कापडाच्या पिशव्या बांधल्या. प्रत्येक ताटव्यातल्या मोजक्याच दांड्यांवर, बाकीचे बी उतारालाच मिळावे म्हणून.

फुले धरलेले उभे दांडे आता वाळून जातील आणि सरपटत्या फांद्या नवी पाने धरतील. उन्हाळ्यात कोणी हा उतार पाहिला तर त्याला फक्त ही लंबगोल पानेच दिसतील, म्हणून ओळखपत्रिकेत उभ्या दांड्याच्या पानाइतकेच मोठे चित्र या पानाचे घेतले आहे.

२६ जुलै २०२५

ओढा नदीला मिळतो तिथे, उन्हाच्या मोकळ्या पट्ट्यात, छातीइतका उंच फ्लॉक्स फुलला आहे. डायव्हॅरिकाटा असणे शक्यच नाही. प्रश्न पॅनिक्युलाटा की मॅक्युलाटा असा होता. मॅक्युलाटा ओल्या कुरणांतली जाती आहे: तिच्या दांड्यावर बहुधा जांभळे ठिपके असतात, फुलोरा उंच आणि दंडगोलाकार असतो, पाने गुळगुळीत असतात आणि त्यांत मध्यशिरेखेरीज दुसरी शीर सहसा उठून दिसत नाही. इथे दांड्यावर ठिपके नाहीत, फुलोरा रुंद, तळाशी पसरलेला आहे.

निर्णय पानाने दिला. पान उलटे करून उजेडासमोर धरले तेव्हा मध्यशिरेपासून निघालेल्या उपशिरा कडेपर्यंत न जाता तिच्या थोड्या अलीकडे वळून एकमेकींना मिळालेल्या दिसल्या, आणि त्यांच्या जुळणीतून कडेला समांतर जाणारी एक सलग शीर तयार झाली होती. भिंगाखाली कडेवर बारीक, राठ केसांची रांग आहे. दलनळीवर बाहेरून लव आहे. ही सर्व पॅनिक्युलाटाची लक्षणे आहेत. पानांवर भुरीचा पांढरा थर चढू लागला आहे, तोही या जातीला नेहमीच जडतो.

पंधरावीस पावलांवर सोपवर्ट, म्हणजे सॅपोनेरिया, फुलली आहे आणि लांबून तीही फ्लॉक्ससारखीच दिसते: समोरासमोर पाने, फिकट गुलाबी पाच पाकळ्या. तिची पेरे सुजल्यासारखी जाड असतात, पानात तळापासून तीन ठळक शिरा समांतर जातात, पाकळ्या सुट्या असतात आणि प्रत्येकीच्या गळ्याशी दोन बारीक खवले असतात. पुंकेसर दहा, बाहेर आलेले. ती युरोपातून आलेली आहे.

९ ऑगस्ट २०२५

उंच फ्लॉक्स इथला मूळचा की बागेतून सुटलेला, यावर आज गटात चर्चा झाली. पॅनिक्युलाटा ओहायोत रानटी वाढते आणि नदीकाठ हीच तिची खरी जागा आहे. नॅशव्हिलजवळ हार्पेथ नदीच्या काठी सापडलेल्या एका रानटी झाडापासूनच ‘जीना’ हे आज प्रसिद्ध असलेले वाण आले. पण हीच जाती दोन शतकांहून अधिक काळ बागांत लावली जात आहे, आणि सुटलेल्या वाणांचे बी ओढ्याने खाली येऊ शकते. लाल, शेंदरी किंवा मध्यभागी वेगळ्या रंगाचा डोळा असलेली फुले दिसली तर बागेचा संशय घ्यावा. इथली सर्व फुले एकसारखी गुलाबीसर जांभळी आहेत, डोळा नाही, फुले बागेतल्यांपेक्षा लहान आहेत आणि पाकळ्यांमध्ये फट आहे. ही लक्षणे रानटी झाडाच्या बाजूने जातात, पण पाने आणि फुले यांवरून जाती ठरते, झाड तिथे कसे आले ते ठरत नाही. म्हणून नोंद अशी केली: फ्लॉक्स पॅनिक्युलाटा, जाती निश्चित, मूळ अनिश्चित, झाडे राखावीत. पाचही छायाचित्रे जोडली, आणि नदीच्या वरच्या अंगाला अशीच झाडे आहेत का ते पुढच्या जुलैत, फुलोऱ्याच्या वेळीच, पाहायचे ठरले आहे.